परमुलखातला आवाज

१९७१ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कमध्ये ऑर्नेट कोलमन यांच्या 'सायन्स फिक्शन' या तबकडीचं ध्वनिमुद्रण झालं. कोलमन म्हणजे जॅझमधलं त्या काळातलं मोठं वादग्रस्त नाव. ठरलेल्या स्वरसंगतीच्या चौकटीत राहून वाजवणं त्यांनी केव्हाच सोडलं होतं. तबकडीतल्या पहिल्याच गाण्यात बिली हिगिन्स आणि एड ब्लॅकवेल असे दोन ड्रमवादक आहेत आणि दोघंही ठेका धरून बसत नाहीत, नुसते खळाळत राहतात. खाली चार्ली हेडन यांचा बास, वर सॅक्सोफोन आणि ट्रम्पेट. पियानो नाही, गिटार नाही. पाश्चात्त्य पद्धतीने गाणाऱ्याला ज्याच्यावर पाय टेकायची सवय असते, त्यातलं काहीच तिथे नाही. आणि या गदारोळात सव्वीस वर्षांची एक मुंबईची मुलगी संथपणे, एकेक स्वर लांबवत, जराही न डगमगता गाते. या तबकडीत गायलेली गाणी दोनच आहेत, तीन-चार मिनिटांची, आणि दोन्ही तिची आहेत.

ती मुलगी म्हणजे आशा पुथली. पुढची पानं त्यांच्याविषयी आहेत.

ही दोन गाणी मी पुन्हा पुन्हा ऐकत आलो आहे. दर वेळी एकच गोष्ट जाणवते. या गळ्याला बाहेरचा आधार लागत नाही, कारण आधार घेऊनच तो स्टुडिओत आला आहे. मुंबईत पंडित लक्ष्मणप्रसाद जयपूरवाले यांच्यासमोर बसून पुथली यांनी हिंदुस्थानी गायकीची तालीम घेतली होती. ख्याल शिकलेल्या माणसाच्या मनात षड्ज एकदा पक्का बसला की भोवती कितीही गलबला असो, तो हलत नाही. स्वर किती वेळ धरायचा, कुठे सोडायचा, या स्वरावरून त्या स्वरावर मींडेने कसं जायचं, ड्रम द्रुतात धावत असताना आपण विलंबितात कसं राहायचं, हे सगळं त्या दोन गाण्यांत आहे. मात्र ते राग म्हणून पुढे येत नाही. इंग्रजी शब्दांच्या पोटात ते मुरलेलं आहे. पाठीमागे सतार नाही, तबला नाही. आपण भारतीय आहोत हे कुणाला सांगायची गरजच या आवाजाला वाटलेली नाही, आणि तो इतका स्वच्छ ऐकू येण्याचं कारणही मला तेच वाटतं.

नांदेड-लातूरच्या वाचकांसमोर हे चरित्र ठेवताना साहजिकच कुणी विचारील की आपला आणि या बाईंचा संबंध काय. त्या मराठवाड्याच्या नाहीत. घराणं मंगळूरकडचं सारस्वत, कोकणी बोलणारं. जन्म १९४५ चा, मुंबईतला. हस्तकला आणि रंगभूमीसाठी आयुष्य वेचलेल्या कमलादेवी चट्टोपाध्याय त्यांच्या नात्यातल्या. लातूरच्या गंजगोलाईतल्या कॅसेटच्या दुकानात त्यांची कॅसेट कधी लागलेली कुणाला आठवणार नाही. तरीही मला वाटतं की त्यांचं गाणं समजून घ्यायला आमच्या भागातल्या माणसाचा कान अधिक तयार आहे. त्याचं कारण या मातीतच आहे.

निजामाच्या राज्यातला आमचा मुलूख. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत सरकारदरबार उर्दूत चालायचा आणि हैदराबादच्या डेक्कन रेडिओवर उर्दू, तेलुगू, मराठी, कानडी अशा चारही भाषा ऐकू यायच्या. नांदेडात आजही एखादा माणूस पहाटे तख्त सचखंड हुजूर साहिबमधलं कीर्तन ऐकतो, संध्याकाळी विठ्ठलाच्या देवळातल्या भजनाला टाळ घेऊन बसतो आणि उरुसाच्या दिवसांत कंधारला दर्ग्यात कव्वालीला जातो. यात त्याला काही विशेष केल्यासारखं वाटत नाही. अण्णासाहेब गुंजकरांसारख्या गुरूंनी याच नांदेडात शास्त्रीय संगीताचा पाया घातला, त्यातूनच पंडित नाथराव नेरळकर उभे राहिले. एका गावात इतक्या तऱ्हेचं गाणं नांदत असेल, तर एका गळ्यात का नांदू नये?

आणि नामदेव महाराजांना विसरून कसं चालेल? नरसी बामणी हे त्यांचं जन्मगाव मानलं जातं. नांदेडपासून ते काही लांब नाही. तिथला हा माणूस पंढरपूरचा झाला आणि पुढे थेट पंजाबात गेला. घुमान गावी राहिला, तिथल्या लोकांच्या बोलीत गायला. त्यांची ६१ पदं शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात आहेत, रागांखाली नोंदलेली. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंग नांदेडला देह ठेवते झाले, तिथे गुरुद्वारा उभा राहिला, आणि शेकडो वर्षांपूर्वी शेजारच्या गावातून गेलेला नामदेवांचा आवाज गोदावरीच्या काठावर परत आला. तो आला पंजाबी रागींच्या गळ्यातून, वेगळ्या भाषेत, वेगळ्या साजात. परमुलखी गेलेल्या गायकाचं काय होतं, याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही. आवाज गेलेल्या वाटेनेच परत येईल असा नियम नसतो. आशा पुथली यांच्या बाबतीतही पुढे हेच घडलं.

त्यांची मुंबई आधी समजून घ्यायला हवी. १९५० ते १९७० या काळातल्या मुंबईत जॅझ हे परक्याचं संगीत राहिलेलं नव्हतं. गोव्याहून आलेले वादक रात्री हॉटेलांत वाजवायचे आणि दिवसा हिंदी सिनेमाच्या स्टुडिओत बसायचे. चिक चॉकलेट या नावाने ओळखले जाणारे आंतोनियो झेवियर वाझ, फ्रँक फर्नांड, सेबास्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ही माणसं नसती तर त्या काळच्या सिनेसंगीताचा वाद्यमेळ तसा झालाच नसता. आमचे पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांनी १९५१ च्या 'अलबेला'त चिक चॉकलेट यांना त्यांच्या वाद्यवृंदासकट पडद्यावर आणलं. म्हणजे लातूर-नांदेडच्या टॉकीजमध्ये बसलेल्या आमच्या आजोबा-पणजोबांनी जॅझ ऐकलेला होता. त्याला जॅझ म्हणतात एवढंच त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

याच हवेत पुथली वाढल्या. एकीकडे जयपूरवाल्यांकडची तालीम, दुसरीकडे पाश्चात्त्य ऑपेराचं शिक्षण, आणि रेडिओवरून कानी पडणारा जॅझ. त्या काळात आकाशवाणीवर सिनेसंगीताला जवळपास बंदी होती. माहितीमंत्री बाळकृष्ण केसकरांना शास्त्रीय संगीत घराघरांत न्यायचं होतं, आणि लोक काटा फिरवून रेडिओ सिलोन लावायचे. त्याच लघुलहरींवर ज्याला हवं त्याला अमेरिकाही सापडायची. १९६०च्या दशकाच्या शेवटी मुंबईतल्या 'सर्फर्स' या बँडबरोबर पुथली यांनी काही इंग्रजी गाणी ध्वनिमुद्रित केली. ती आज ऐकली तर आवाज कोवळा वाटतो, पण शब्दाच्या शेवटी स्वर वळवायची लकब तिथेच दिसू लागते. मला ही सुरुवातीची गाणी फार महत्त्वाची वाटतात, कारण अमेरिकेने हा आवाज घडवला असा जो समज आहे तो त्यांच्यापुढे टिकत नाही. आवाज इथेच घडला.

मग त्या गेल्या. कशा गेल्या, तेही पाहण्यासारखं आहे. १९६५ चा नवा कायदा होईपर्यंत अमेरिका भारतातून स्थायिक होऊ इच्छिणाऱ्यांना वर्षाला १०० च्या आसपास जागा द्यायची. अख्ख्या देशाला शंभर! पासपोर्ट मिळणं हा नागरिकाचा हक्क आहे की सरकारची मर्जी, याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने लावला तोच मुळी १९६७ मध्ये. परकीय चलनाची टंचाई होती ती वेगळीच. अशा दिवसांत मध्यमवर्गीय घरातल्या, एकट्या, गाणारी व्हायचं मनात असलेल्या मुलीने परदेशी जायचं कसं? पुथली एका ब्रिटिश विमान कंपनीत हवाई सुंदरी झाल्या. पुढे मार्था ग्रॅहम यांच्या नृत्यसंस्थेची शिष्यवृत्ती मिळाली आणि न्यूयॉर्कमध्ये पाय ठेवायला जागा झाली. बृहन्महाराष्ट्र मंडळासारखी उत्तर अमेरिकेतल्या मराठी माणसांना एकत्र आणणारी संघटना स्थापन झाली ती १९८१ मध्ये. आज लातूरची मुलगी तिकडे जाते तेव्हा गणपती, भजनी मंडळ, नाट्यगीतांची स्पर्धा, सगळं तिच्या आधीच पोचलेलं असतं. पुथली गेल्या तेव्हा हिंदुस्थानी तालीम घेऊन जॅझ गायला आलेल्या मुलीची वाट पाहणारं तिथे कुणी नव्हतं.

एक माणूस मात्र त्यांच्याविषयी आधीच लिहून बसला होता. वेद मेहता यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'पोर्ट्रेट ऑफ इंडिया' या ग्रंथात मुंबईतल्या जॅझविषयी लिहिताना या तरुण गायिकेचं चित्र रेखाटलं आहे. लहानपणीच दृष्टी गेलेला हा लेखक आवाजाविषयी किती बारकाईने लिहितो ते मुळातून वाचावं. पुढे पुथली कोलंबिया कंपनीच्या जॉन हॅमंड यांच्यापर्यंत पोचल्या. बिली हॉलिडे यांना पहिल्यांदा ध्वनिमुद्रणासाठी उभं करणारा, बॉब डिलन यांना करारबद्ध करणारा हा माणूस. हॅमंड यांच्यामुळे कोलमन यांचा स्टुडिओ, आणि मग ती दोन गाणी.

यानंतरचा तबकड्यांचा हिशेब मी इथे थोडक्यातच देतो, सविस्तर मजकूर पुढे आहेच. १९७३ मध्ये डेल न्यूमन यांच्या संगीत संयोजनाखाली सीबीएसने त्यांच्याच नावाची पहिली तबकडी युरोपात काढली. त्यात जॉर्ज हॅरिसन आणि जे. जे. केल यांची गाणी त्यांनी आपल्या तऱ्हेने गायली. १९७६ मध्ये 'द डेव्हिल इज लूज' आली. यांतल्या काही गाण्यांत व्हायोलिनांचा थर इतका जाड आहे की आवाज गुदमरतो, असं माझं मत आहे. जिथे वाद्यं कमी तिथे त्या मोकळ्या होतात. रसिकांनी आपापल्या कानाने ठरवावं.

सिनेमाकडे मात्र जरा थांबायला हवं, कारण पुथली यांच्या आयुष्यातला हा भाग सर्वांत कमी लिहिला गेला आहे.

सिनेमाचं शीर्षकगीत किंवा मुख्य गाणं गाणाऱ्याचं भाग्य विचित्र असतं. आवाज लाखो लोकांच्या तोंडी बसतो आणि माणूस पडद्याआड राहतो. आपल्याकडे १९४९ मध्ये 'महल'च्या तबकडीवर गायिकेच्या जागी लता मंगेशकरांचं नाव नव्हतं. 'कामिनी' हे नायिकेच्या पात्राचं नाव छापलं होतं. तिकडे परिस्थिती थोडी वेगळी. वेल्समध्ये जन्मलेल्या शर्ली बॅसी यांनी १९६४ मध्ये 'गोल्डफिंगर', १९७१ मध्ये 'डायमंड्स आर फॉरएव्हर' आणि १९७९ मध्ये 'मूनरेकर' या बाँडपटांची शीर्षकगीतं गायली, आणि तिन्हींच्या वेळी त्यांचं नाव सिनेमाच्या बरोबरीने चाललं.

त्याच १९७९ मध्ये इटलीत 'स्क्वाद्रा अँटीगँगस्टर्स' नावाचा सिनेमा आला. दिग्दर्शक ब्रूनो कोर्बूची. विनोदी पोलिसपट, निको जिराल्दी नावाच्या रांगड्या इन्स्पेक्टरच्या मालिकेतला. संगीत 'गॉब्लिन' या बँडचं. दारिओ अर्जेंतो यांच्या 'सुस्पिरिया' या भयपटाला अंगावर काटा आणणारं संगीत देणारी हीच मंडळी. या वेळी त्यांनी डिस्को रचला आणि त्यातलं 'द व्हिप' हे गाणं आशा पुथली यांनी गायलं. पडद्यावरही त्या स्वतः आहेत, गायिकेच्याच भूमिकेत.

आता या सिनेमाची जडणघडण पाहा. निको जिराल्दी म्हणजे टोमास मिलियान. हा नट जन्माने क्यूबाचा. न्यूयॉर्कमध्ये अभिनय शिकला आणि रोममध्ये तारा झाला. रोमच्या गल्लीबोळांतली खास बोली हे निकोच्या पात्राचं सगळं बळ, आणि ती बोली मिलियान यांच्या तोंडची नव्हतीच. त्या मालिकेत त्यांना आवाज द्यायचे फेरूच्चो आमेंदोला. इटलीत तेव्हा हे सर्रास चालायचं. म्हणजे रोमच्या प्रेक्षकाने डोक्यावर घेतलेला हा अस्सल रोमन पोलीस हवानाहून आलेला आणि दुसऱ्याच्या आवाजात बोलणारा होता. त्याच पडद्यावर मुंबईहून न्यूयॉर्कमार्गे आलेली बाई आपल्या स्वतःच्या आवाजात गात होती. या प्रसंगाने मी फार भारावून जातो. परदेशी गेलेल्या कलावंताला किती गोष्टी बदलाव्या लागतात: राहणी, भाषा, कपडे, कधी नावसुद्धा. पुथली यांनीही पुष्कळ काही बदललं, प्रत्येक तबकडीत वेगळं रूप घेतलं. पण 'द व्हिप'मधल्या त्या डिस्कोच्या ठेक्यावरही शब्दाचं शेपूट वळवायची त्यांची लकब ऐका. ती मुंबईची आहे.

यापूर्वी १९७२ मध्ये जेम्स आयव्हरी यांच्या 'सॅव्हेजेस' या सिनेमात त्यांनी रानातल्या मुलीची भूमिका केली होती. निर्माते इस्माईल मर्चंट, तेही मूळ मुंबईचेच. जंगलातल्या आदिम माणसांना एक चेंडू सापडतो, त्याचा माग काढत ते एका ओसाड हवेलीत पोचतात आणि हळूहळू सुसंस्कृत होतात, असं त्याचं कथानक. भूमिका छोटी आहे, पण संगीताच्या बाहेर त्यांना पाहायचं असेल तर हा सिनेमा चुकवू नये.

आता आवाज परत कसा आला ते. 'द डेव्हिल इज लूज'मध्ये 'स्पेस टॉक' नावाचं गाणं आहे. तबकडी युरोपातली, पण न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड मँकूसो यांच्या 'लॉफ्ट'मधल्या नाचाच्या रात्रींत ते गाणं लोकांनी उचलून धरलं. मग वीसेक वर्षांनी, १९९७ मध्ये, नोटोरियस बी.आय.जी. या रॅपरच्या 'लाइफ आफ्टर डेथ' या संग्रहात 'स्पेस टॉक'चा तुकडा वापरला गेला. लाखो प्रती खपल्या. ब्रुकलिनमधल्या काळ्या मुलांच्या गाण्याखाली ते सूर वाजत राहिले आणि गायिकेचं नाव बहुतेकांना ठाऊक नव्हतं. तिथून कुतूहल वाढत गेलं. जुन्या तबकड्या शोधणारे शोधत आले, पुनर्मुद्रणं निघाली, २००६ मध्ये पुथली न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये गायल्या, २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या एका कंपनीने त्यांच्या निवडक गाण्यांचा संग्रह काढला. भारतातल्या तरुण पिढीला त्यांचं नाव कळलं तेही बरंचसं या मार्गाने, रॅप ऐकता ऐकता.

आपल्याकडे परदेशस्थ कलावंताविषयी लिहिताना गौरवाचा एक ठरीव सूर लागतो: आपल्या मातीतला माणूस, सातासमुद्रापार झेंडा. दुसऱ्या बाजूला कुरकुरीचाही एक सूर असतो की गेला तो गेला, आपली कला विसरला. या दोन्ही सुरांत गाणं कुठेच नसतं. पुथली यांनी हिंदी सिनेमात नाव कमावलं असतं तर आपण त्यांना जवळचं मानलं असतं. लंडनमध्ये ख्याल गायल्या असत्या तर पुरस्कार दिले असते. त्यांनी हिंदुस्थानी तालीम जॅझमध्ये, पॉपमध्ये, डिस्कोत नेली, म्हणून आपल्याला त्यांना ठेवायला कप्पाच सापडला नाही. हा तोटा आपला आहे. ज्या मुलखाने नामदेवांना पंजाबच्या बोलीतही आपलं मानलं, त्याने तरी अशा कप्प्यांची वाट पाहू नये.

आणि हे केवळ एका गायिकेपुरतं नाही. लातूरच्या शिकवण्यांतून, वसतिगृहांतून दरवर्षी मुलं-मुली पुण्याला, बंगळुरूला आणि तिथून परदेशी जातात. त्यांतली किती तरी इथे पेटीवर बोटं फिरवायला शिकलेली असतात, आईबरोबर भजनाला बसलेली असतात, शाळेच्या स्नेहसंमेलनात गायलेली असतात. त्यांच्या गळ्यात काय गेलं आणि तिकडे त्याचं काय झालं, हे आपण कधी विचारत नाही. पगार विचारतो. अशा घरांमध्ये हे पुस्तक पोचावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

वाचण्याआधी थोडं ऐकून घ्यावं. आधी मुंबईतली सर्फर्सबरोबरची गाणी, मग 'सायन्स फिक्शन'मधली दोन, मग 'स्पेस टॉक', आणि शेवटी 'द व्हिप'. कोलमन यांची गाणी पहिल्या ऐकण्यात कर्कश वाटतील. ड्रमकडे लक्ष न देता फक्त आवाजाचा माग धरावा आणि तो कुठल्या स्वरावर किती थांबतो ते पाहावं. ज्यांनी थोडं तरी शास्त्रीय ऐकलं आहे त्यांना दुसऱ्या-तिसऱ्या खेपेस वाट सापडेल. पुस्तकातलं पहिलं प्रकरण मुंबईच्या हॉटेलांतल्या वाद्यवृंदांवर आहे. त्यात पुथली यांचं नाव बऱ्याच उशिरा येतं, पण ते ओलांडून पुढे जाऊ नये. त्या वादकांना ओळखल्याशिवाय हा आवाज कुणाच्या सोबतीने वाढला ते कळणार नाही.